मधेच थांबणारी रेघ

प्रिय दादा,

“हात थरथरला तर कुंचला उचलायचा नाही, श्वास सोडायचा.” आठवतं? बेकरीच्या दारावरची ती लांबलचक पाटी, तू शिडीवर, अण्णा खाली शिडी धरून आणि मी रंगाचा डबा सांभाळत फुटपाथवर. तुझी उभी रेघ अर्ध्यावर आली आणि हात लटपटायला लागला. तू कुंचला उचलणार तेवढ्यात खालून हे वाक्य आलं, आवाज न चढवता, कुणी विचारल्यावर वेळ सांगावी तसं. तू थांबलास. कुंचला फळीला टेकलेलाच. श्वास सोडलास आणि रेघ पुढे नेलीस. जवळून पाहिलं तर त्या रेघेत मधे एक किंचित जाड जागा दिसायची. बेकरीवाल्याने त्यावर कुरकुर केली, तेव्हा अण्णा त्याला म्हणाले की ती गाठ आहे, गाठीशिवाय बांबू नसतो. पुढे तू रंग सोडून बांधकामाची कामं घ्यायला लागलास आणि तिथे नाव काढलंस. पण त्या दिवशी घरी येताना तू जसा चालत होतास, तसं नंतर कधी चालताना मी तुला पाहिलं नाही.

फोनवर तू माझं एकही वाक्य पुरं होऊ देत नाहीस, म्हणून पत्र. रविवारी तू गाडी घेऊन येणार, अण्णांना तुझ्याकडे नेणार, त्यांच्यासाठी तळमजल्यावरची खोली तयार आहे, वहिनीने पडदेसुद्धा लावले आहेत, हे सगळं मला ठाऊक आहे. ते थोडा वेळ बाजूला ठेव. मला तुला माझ्या लॅपटॉपबद्दल सांगायचं आहे. लगेच “नवा घे, मी पाठवतो” म्हणू नकोस. आधी ऐक.

अण्णांना पक्षाघाताच्या झटक्यानंतर इस्पितळातून घरी आणलं आणि काही आठवड्यांनी हे सुरू झालं. माझं काम तू पाहिलं आहेस, बरण्यांवरची, बाटल्यांवरची, खोक्यांवरची लेबलं. अण्णा त्याला “दाबून काढलेली अक्षरं” म्हणतात, म्हणोत बापडे. माझा बिनतारी माउस त्याआधीच रुसला होता, त्याचं चाक अडकायचं. तो मी बाजूला टाकला आणि टचपॅडवर बोटांनी काम करायची सवय लावून घेतली. नीट चाललं होतं. एका दुपारी मधाच्या बरणीचं लेबल करत होते. चष्मा पुसायला हात काढला, तर पडद्यावरचा बाण आपला आपण चालायला लागला. खाली गेला, थबकला, पुन्हा खाली सरकला. मग त्याने माझी मधमाशी पकडली आणि फरफटत पानाबाहेर नेऊन टाकली. मी टचपॅडवर बोट ठेवलं, तर आमची रस्सीखेच. मी डावीकडे ओढते, तो उजवीकडे. थोड्या वेळाने आपोआप शांत झाला, जणू काही घडलंच नाही.

तू मला ओळखतोस. बिघाड म्हटला की मला चेव येतो. आधी टचपॅड मऊ कापडाने पुसला. हात कोरडे करून बसायला लागले. चार्जर काढून पाहिला, कधी कधी भिंतीतल्या विजेचाच दोष असतो म्हणे. बोट टेकवताच क्लिक व्हायची सोय बंद केली, संवेदनशीलता कमी केली, टचपॅड चालवणारा तो प्रोग्रॅम काढून नवा घातला. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून हलवून पाहिला, आतली बॅटरी फुगली की खालचं झाकण बाहेर येतं आणि लॅपटॉप डुगडुगतो. तसंही नव्हतं. सकाळभर गुणी बाळ, आणि दुपारची जेवणं होऊन घर शांत झालं की याच्या अंगात यायचं.

शेवटी दुरुस्तीच्या दुकानात नेला. तिथल्या बाई डोक्यावर चष्मा चढवून बसलेल्या असतात आणि तोच चष्मा टेबलावर शोधत असतात. त्यांनी लॅपटॉप दिवसभर ठेवून घेतला. एकदाही हलला नाही. घरी आणला, दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच. पुन्हा नेला, पुन्हा शहाणा. बाई म्हणाल्या, “ताई, याला काही झालेलं नाही. डॉक्टरांच्या दारात गेल्यावर पोराचा ताप उतरतो, तशातला हा.” मग विचारलं, “बाजूला काही खोचलेलं नाही ना?” मी ठासून सांगितलं, काही नाही. तेव्हा लॅपटॉप पिशवीत होता आणि मला खरंच वाटत होतं की काही नाही. एक उपाय मात्र त्यांनी चांगला सांगितला. टचपॅड पूर्ण बंद करून ठेवा, म्हणाल्या, मग कळेल दोष कुणाचा.

तसं केलं. दुपारी टचपॅड बंद करून हात मांडीवर ठेवून बसले. आणि बाण हलला.

दादा, इतके दिवस मी त्याच्याशी भांडत होते, त्यामुळे तो काय करतो आहे ते नीट पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी भांडायची सोयच नव्हती म्हणून पाहत बसले. बाण वरून खाली निघाला, अगदी सावकाश, थोडा डुगडुगत. निम्म्यावर आल्यावर थरथर वाढली. मला वाटलं आता उडणार कुठेतरी. नाही उडाला. तिथेच थांबला. एक श्वास सोडायला लागावा इतका वेळ. मग सरळ खाली गेला. मग थोडा तिरका सरकत वर आला, शेजारी जाऊन उभा राहिला आणि पुन्हा खाली निघाला. पुन्हा निम्म्यावर थरथर, पुन्हा थांबणं, पुन्हा पुढे. उभ्या रेघा झाल्यावर आडव्या. आडव्या झाल्यावर एक गोल, जो बंद व्हायच्या आधीच पसरला आणि बटाट्यासारखा झाला. उभी, आडवी, गोल. रंगाच्या डब्यापाशी बसून मी हा क्रम इतक्यांदा पाहिला आहे की झोपेतही ओळखेन.

मी लॅपटॉपच्या बाजूला बघितलं. बिनतारी माउसचे इशारे पकडणारा नखाएवढा तुकडा भोकात तसाच होता. इतके दिवस तिथे बसून तो मला लॅपटॉपचाच भाग वाटायला लागला होता.

चपला काढून मी अण्णांच्या खोलीपर्यंत गेले. दार लोटलेलं असतं, पण तुला माहीत आहे ते कधीच पुरतं लागत नाही. ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. मांडीवर रंगाची जुनी फळी, आणि तिच्यावर आडवी ती काठी, ज्या काठीवर मनगट टेकवून ते पाट्या रंगवायचे. उजव्या मुठीखाली माझा टाकलेला माउस. त्यांची खोली लावताना मी सुतळी, पक्कड, जुन्या किल्ल्या असल्या वस्तूंच्या टोपलीत तो टाकला होता, तिथून त्यांनी उचलला असणार. त्यांच्यासमोर कुठल्या यंत्राचा पडदा नव्हता, काहीच नव्हतं. नुसता तो माउस फळीवरून सरकवत होते. हात उचलणं अजून जमत नाही, म्हणून परत वर न्यायचा तोही सरकवतच.

मी आत गेले नाही. तू गेला असतास, आनंदाने ओरडत गेला असतास, आणि म्हणूनच मला हे तुला शांतपणे सांगायचं आहे. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंनी त्यांना रबराचा चेंडू दिला होता, दाबायला. अण्णांनी तो खिडकीतल्या कुंडीत ठेवून दिला आणि म्हणाले, “चेंडू कुत्र्याला देतात.” बाईंनी पेन्सिल दिली, तर एक वेडीवाकडी रेघ निघाली, ती बघून त्यांनी कागद उलटा केला. तूही त्याच दिवशी आला होतास. जिन्यात मला म्हणालास, “त्यांचा हात आता परत यायचा नाही, हे मान्य कर.” आता मला कळतं की त्यांना हाताची लाज वाटत नव्हती, हाताने मागे ठेवलेल्या रेघेची वाटत होती. ज्या माणसाच्या रेघा गावभर दारांवर टांगलेल्या आहेत, त्याने तसली रेघ कुणाच्या हाती लागू द्यावी कशी? म्हणून त्यांनी अशी वस्तू शोधली जी मुठीत बसते, सरकते आणि काही उमटवत नाही. आणि त्यांना न कळत त्यांची प्रत्येक रेघ भिंतीपलीकडे माझ्या पडद्यावर येत होती.

आता मी काम सकाळी उरकते. दुपारी लॅपटॉपवर कोरं पान उघडते आणि शेजारी भाजी निवडत नाहीतर कपड्यांच्या घड्या घालत बसते. तो तुकडा ओढून काढला की माझा लॅपटॉप एका क्षणात बरा होईल. काढत नाही. मधे एकदा बाण हललाच नाही. दुसऱ्या दुपारीही नाही. मला वाटलं, सोडलं त्यांनी. त्या दिवशी मी मीठ दोनदा घातलं आणि अण्णांनी मुकाट्याने खाल्लं. नंतर लक्षात आलं की माउसचा सेल संपला असेल. ते अंघोळीला गेले तेव्हा टोपलीतून काढून पाहिला, तसंच होतं. नवा सेल घातला आणि होता तसा ठेवून दिला. त्या दुपारी बाण चालू झाला आणि मी घड्या मोडून पुन्हा घातल्या, उगाच.

सेल घातला की माउसच्या पोटाखालचा विझलेला तांबडा दिवा पुन्हा लागतो आणि तो त्यांना दिसेल, हे मी विसरले होते. संध्याकाळी चहाच्या वेळी अण्णांनी विचारलं, “तुझं ते यंत्र सुधारलं का?” मी म्हटलं, नाही, अजून तसंच आहे. त्यांनी डाव्या हाताने कप खाली ठेवला. म्हणाले, “मग राहू दे. दर वेळी उघडून बघायचं नसतं.” त्यांना काय माहीत आहे आणि काय नाही, ते मी विचारलेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून गोल मात्र बंद व्हायला लागला आहे. अजून बटाटाच, पण बंद.

मी स्वतःला फसवत नाही. ते पुन्हा शिडीवर चढणार नाहीत. कदाचित कुंचलाही धरणार नाहीत. डॉक्टर जे म्हणाले ते मीही ऐकलं आहे. पण पहिल्या आठवड्यात काही रेघा निम्म्यावर विरून जायच्या आणि आता प्रत्येक रेघ खालपर्यंत पोचते, हे मी रोज पाहते. तुझ्या घरी त्यांचं सगळं होईल, याची मला खात्री आहे. कामाला ठेवलेली बाई शर्टाची बटणं लावेल, वहिनी प्रेमाने घास भरवेल, मुलं अवतीभवती असतील, आणि दर थोड्या वेळाने कुणीतरी दार उघडून विचारेल की काही हवं का. तिथे त्यांना एकच गोष्ट मिळणार नाही, लोटलेलं दार. आणि तू म्हणालास ना, त्यांचं टेबल आणि कुंचले त्या नव्या पेंटरला देऊन टाकू, तो येऊन घेऊन जाईल, तर त्या सामानात ती काठीही जाईल.

म्हणून लिहिते आहे. रविवारी गाडी आणू नकोस. एकटा ये, जेवणं झाल्यावर. जिन्यात बूट वाजवू नकोस, हाक मारू नकोस, त्यांच्या खोलीत जाऊ नकोस. माझ्या टेबलापाशी बस आणि बाण हलला की नुसतं बघ. रेघ निम्म्यावर आली की ते थांबतील. मला ते ओळखू आलं, पण मी तेव्हा फक्त डबा धरून उभी होते. ते थांबणं त्यांनी शिकवलं ते तुला. तुझ्या डोळ्यांना जर ती रेघ मेलेल्या हाताची वाटली, तर पुढच्या रविवारी गाडी घेऊन ये, त्यांची पेटी मीच भरून ठेवीन. आणि जर नाही वाटली, तर त्यांना इथेच राहू दे, आणि आपण दोघांनी बघितलं हे त्यांना कधीही कळू देऊ नकोस. तू “नाही”च म्हणणार. गाडी ठरली आहे म्हणशील, मी हळवी आहे म्हणशील, हातातली कामं सोडून पडद्यावरचा बाण बघायला तासभर बसायला तुला वेळ कुठला. सगळं ठाऊक असून विचारते आहे. येशील?

तुझीच,
शेपूट
(तूच ठेवलेलं नाव, तुझ्या मागे मागे फिरायचे म्हणून. या वेळी तू माझ्या मागे ये.)