विधीनं ऑप्शनला टाकलेला धडा

१२ मार्च
आला! अभयकुमार स्वतः आला, मेहरूणला, माझ्या दारात. "मॅडम, विधीचं बीएस्सीचं शेवटचं वर्ष. स्टॅट्स आणि कॅल्क्युलस तेवढं बघा."

याच्या कॉलेजात मी किती वर्षं तासिका तत्त्वावर राबले. कायमची जागा निघाली तेव्हा हाच संस्थेचा चेअरमन — मुलाखतीत म्हणाला, "बाईमाणसाला परमनंट कशाला? उद्या लग्न करून जाल." आणि भाच्याला चिकटवला. त्या भाच्याला साधं स्टँडर्ड डेव्हिएशन काढता येत नाही.

पोरीला पाठवा म्हटलं. वर चहा पाजला.

१५ मार्च
विधी हुशार निघाली. वैताग. इंटिग्रेशन भराभर सोडवते, फक्त उत्तराच्या शेवटी लिहायचं "प्लस सी" गाळते. बापाचीच लेक — दुसऱ्याच्या हक्काचं तेवढं बरोबर गाळायचं.

२२ मार्च
ठरलं. संख्याशास्त्राचा निम्मा पेपर हायपोथेसिस टेस्टिंगवर असतो. आज तिला सांगितलं, "हा धडा ऑप्शनला टाक. मागच्या वर्षी एवढा आलाय, यंदा येत नाही." सगळी पोरं हेच मानतात. पण संख्याशास्त्र शिकवणारी बाई असलं बोलते आणि पोरगी मान डोलावते!

चेअरमनची मुलगी नापास. होऊ दे बोभाटा जळगावभर. मला शांत झोप लागेल.

२९ मार्च
विधीला सूर्यास्ताआधी जेवायचं असतं. आज उशीर झाला तर आईनं इथंच बसवली. कळण्याची भाकर, बिनलसणाचं वरण. पोटभर जेवली.

ती गेल्यावर आईला धड्याचं सांगून बसले. खूश होईल वाटलं. बोदवडची बाई ती, भांडं आपटून म्हणाली, "राग बापाचा ना? मंग त्या पोरीनं काय घोडं मारलं तुयं?"

मी म्हटलं, तू तुझी भाकर बघ.

६ एप्रिल
विधी विचारत होती, "मॅडम, तो धडा करून टाकू का? मला पास व्हायचंच आहे." तोंड उतरलेलं. मी जरा ढिली पडले. मग तो मुलाखतीचा दिवस आठवला. रडत घरी आले होते मी, रिक्षावाला सारखा मागे वळून बघत होता.

"माझ्यावर विश्वास नाही का?" म्हटलं. ओशाळली बिचारी. पाया पडून गेली.

१० एप्रिल
पेपर झाला. तिचा फोन. "निम्मा पेपर तोच होता मॅडम. चूक माझीच, मी करायला हवा होता." मी अरेरे म्हटलं. जेवण छान गेलं.

४ जून
निकाल. विधी संख्याशास्त्रात नापास. आई माझ्याशी बोलत नाही. न का बोलेना.

५ जून
अभयकुमार आला. पेढे घेऊन. विधीचं धुळ्याला जमवलंय. "तिला शब्द देऊन बसलो होतो — पास झालीस तर पुण्याला एमएस्सी, नाहीतर मी म्हणेन तिथे लग्न. दुसऱ्या कुणीही शिकवलं असतं तर पास झाली असती हो. तुम्ही माझ्यावर डूख धरून आहात, म्हणून तर तुमच्याकडे आणली."

पोरीला यातलं काही ठाऊक नाही. साखरपुड्याला मॅडम हव्यातच, असा हट्ट तिनं धरलाय म्हणे.