लांब न जाणारी गाडी

कात्रज, पुणे
१४ जुलै २००८

ती. बाबांस,
उत्कर्षाचा सा. न. वि. वि.

इकडे सगळे ठीक. फोन सोडून पत्र लिहिते आहे म्हणून घाबरू नका. फोनवर तुम्ही बरं बरं करून लगेच आईकडे देता, आणि इकडे मी बोलत असले की सासूबाईंपासून शंभूभाऊजींपर्यंत सगळं घर शेजारी बसून ऐकतं.

विषय गाडीचा. ऑफिसला जायला मला विजेवर चालणारी गाडी घ्यायची आहे. ती दोन दारांची, पेपरातला फोटो पाहून तुम्ही जिला खेळणं म्हणाला होतात, तीच. ऑस्ट्रेलियाच्या लोकांबरोबर आमचं काम सकाळी सहाला सुरू होतं आणि कंपनीची बस कात्रज चौकात येते त्याच्याही नंतर. दिवाळी झाली की टीम लीड कोण ते ठरणार. आमच्या मॅनेजर नीरजा मॅडमनी स्पष्ट सांगितलंय की माझं काम चांगलं आहे, पण वेळेवर न पोचणाऱ्या माणसाच्या हाती त्या टीम देणार नाहीत. आणि घरी आप्पासाहेब परवा जेवताना म्हणाले की एवढी ओढाताण होत असेल तर सूनबाईंनी नोकरी सोडलेली बरी. माझे सासरे एखादी गोष्ट बोलून दाखवतात तेव्हा ती त्यांच्या मनात ठरत आलेली असते.

तुमचा जन्म वीज मंडळात गेला, म्हणून तुम्हाला विचारते. बॅटरी किती वर्षं टिकेल? बायपासला पावसाचं पाणी साचतं, त्यातून नेली तर धोका आहे का? अंगणात रात्रभर चार्जिंगला लावली तर घराच्या मीटरला भार झेपेल का? एका चार्जिंगमध्ये ऐंशी किलोमीटर जाते म्हणतात. खरं किती जाईल? आकडा कमी सांगितलात तरी चालेल.

आईला नमस्कार. तुमची माया आहेच, ती पत्रानेही पाठवत जा.

तुमची,
उत्कर्षा


अकोला
२२ जुलै २००८

चि. सौ. उत्कर्षा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आधी तुझ्या आईने फोडलं. दोनदा वाचलं, आणि यात नुसती बॅटरीच आहे असं म्हणून नाराज होऊन माझ्याकडे दिलं.

उत्तरं देतो. बॅटरी नीट वापरली तर तीन वर्षं. घोट्याएवढ्या पाण्याचं भय नाही, गुडघ्याएवढ्यातून नेऊ नये, आणि ते कुठल्याच गाडीने नेऊ नये. मीटरला भार झेपेल, मात्र अर्थिंग चांगल्या माणसाकडून करून घे, तुमच्या शंभूकडून नको. ऐंशी हा कंपनीचा आकडा. मी पासष्ट धरतो. हिंजवडीला जाऊन येण्यापुरतं ते पुष्कळ आहे.

आता माझा प्रश्न. तुमच्या अंगणात जीप, टेम्पो, ट्रॅक्टर, दोन मोटरसायकली आणि गेल्या दसऱ्याला तू स्वतःच्या पगारातून घेतलेली लाल गाडी. आरटीओचं कार्यालय तुमच्याकडे हलवलंय का? लाल गाडीला काय धाड भरली? तिच्यातून हिंजवडीच काय, तू इकडे अकोल्यालासुद्धा येऊ शकतेस. पण तू हट्टी आहेस हे मला तुझ्या बालवाडीपासून माहीत आहे, त्यामुळे वाद घालत नाही.

एवढी महागाची गाडी नुसती ऑफिसपुरती ठेवणं मात्र मला पटेना, म्हणून डोकं लढवलं. तुमच्या भोरच्या शेतावर विहिरीच्या मोटारीच्या खोलीत वीज आहे. तिथे एक पंधरा अँपिअरचा पॉइंट काढला की गाडी शेतावर जाईल, रात्रभर चार्ज होईल आणि सकाळी परत येईल. तशी आकृती काढून मी आप्पासाहेबांना वेगळं पत्र टाकलं आहे. व्याही खूश होतील.

आईच्या गुडघ्याला आराम आहे. खुशाली कळवत जा.

तुझा,
बाबा


कात्रज
२९ जुलै २००८

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, हे काय करून बसलात! तुमचं पत्र आलं तेव्हापासून आप्पासाहेब ती आकृती येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतायत.

आता खरं सांगते. लाल गाडीला काही झालेलं नाही. फक्त ती घरी नसते. आमच्याकडे सगळ्या किल्ल्या स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्यांना टांगलेल्या असतात आणि ज्याला काम निघेल तो नेतो. भावकीतलं कुणी गाडी मागायला आलं तर त्याला नाही म्हणणं म्हणजे पाणी न विचारता दारातून परत पाठवणं. लग्नं असतात, दवाखाने असतात, कुणाचं स्थळ बघायला जायचं असतं. आता चुलतसासरे रावसाहेब ती वाईला घेऊन गेलेत, त्याला आठवडा होऊन गेला. तुमच्या जावयांना, रणजितना सांगितलं तर ते म्हणाले, घरातलीच गाडी आहे, नाही कसं म्हणायचं. ते वाईट नाहीत हो. त्यांनाही नाही म्हणता येत नाही, इतकंच. मी पहाटे हायवेला उभी राहून मिळेल त्या वाहनाने जाते. आईला हे वाचून दाखवू नका.

म्हणून मला ती गाडी हवी होती. तिच्यातून वाई होत नाही, भोर होत नाही. मागच्या सीटवर मोठं माणूस बसत नाही, टपावर पोतं ठेवता येत नाही. तिचे जेवढे दोष तुम्ही सांगाल तेवढी ती माझी. मला लांब न जाणारीच गाडी पाहिजे, बाबा. आणि तुम्ही तिला भोरपर्यंत नेऊन पोचवलंत.

रागावून लिहिलं असेन तर पोटात घाला.

उत्कर्षा


अकोला
४ ऑगस्ट २००८

चि. सौ. उत्कर्षा हिस,
आशीर्वाद.

हायवेचं वाचून रात्री झोप लागली नाही. तू हे मला आधी का सांगितलं नाहीस? मला वाईट वाटलं आणि तुझ्या मॅडमचा नाही, तुमच्या त्या खिळ्यांचा राग आला. टाकलेलं पत्र काही परत मागवता येत नाही, आणि आता उलटं लिहिलं तर आप्पासाहेबांना संशय येईल. गाडी घे. पुढचं पुढे बघू. तोवर रोज पोचलीस की मला एक मिस्ड कॉल देत जा, मी उचलणार नाही.

बाबा


कात्रज
२० नोव्हेंबर २००८

रा. रा. अनंतराव यांस,
शकुंतला आप्पासाहेब यांचा नमस्कार.

पत्र बघून नवल वाटेल. मी सातवी शिकलेली, काही चुकलंमाकलं तर सांभाळून घ्यावं. सूनबाईंनी फोनवर तुम्हाला सगळं सांगितलं नसणार, ती झाकून ठेवणारी आहे, म्हणून मी लिहिते.

गाडी दसऱ्याला आली. तुमच्या कागदाप्रमाणं शंभूनं भोरला पॉइंट काढलाच होता. दिवाळी झाल्यावरच्या रविवारी हे आणि रणजित ती घेऊन शेतावर गेले. तेव्हा सूनबाईचा चेहरा मी बघितला. तिकडं वाडीतली सगळी माणसं गाडी बघायला जमली. ह्यांनी मोठ्या ऐटीत वायर लावली, आणि वीजच नव्हती. शेतीची लाईट तिकडं पाळीनं येते, त्यात डीपी जळलेला. अनंतराव, तुम्ही वीज मंडळातले आणि भारनियमनच विसरलात, असं हे तीन दिवस बोलत होते. शेवटी टेम्पो मागवला आणि गाडी वर चढवून आणली. हे पुढं ड्रायव्हरशेजारी बसले होते. चौकात ओळखीची माणसं भेटली, तेव्हा ह्यांनी तोंड फिरवलं. तेव्हापासून त्या किल्लीला घरातला एकही पुरुष हात लावत नाही.

पण त्यातली सोमवारची गोष्ट तुम्हाला कळायला हवी. गाडी भोरला अडकलेली, लाल गाडी रावसाहेबांकडं, आणि पहाटे सूनबाई पर्स घेऊन अंगणात उभी. मी विचारलं कशी जाणार, तर म्हणाली, जाते तशीच. मग मला कळलं की तशीच म्हणजे कशी. एवढे दिवस मी झोपलेली असायची, मला ठाऊकच नव्हतं. मला माझीच लाज वाटली. मी जीपची किल्ली खिळ्यावरनं काढली आणि तिच्या हातात दिली. शंभू उठून आला, म्हणाला जीप मार्केट यार्डात जायचीय, भाजी खराब होईल. मी म्हणाले, होऊ दे. या घरात येऊन मला तेहतीस वर्षं झाली, पण किल्ली कुणाला द्यायची हे मी आजवर कधी ठरवलं नव्हतं. त्या आठवड्यातच तिच्या हापिसात निकाल लागला आणि टीम तिला मिळाली. पेढे ह्यांनीच आणले आणि नोकरीचा विषय पुन्हा काढला नाही.

गेल्या शनिवारी सूनबाईंनी मला कसब्यात माझ्या बहिणीकडं नेलं. विमल माझ्या पाठची. एवढ्या गाड्या दारात, पण मी तिच्याकडं जायचे ती कुणाचं तिकडं काम निघालं तरच, आणि पाणी पिऊन होईस्तोवर बाहेर हॉर्न वाजायचा. ह्या वेळी आम्ही दोघींनी जेवण केलं, भांडी घासली, थोडं रडलो पण. कुणी हॉर्न वाजवला नाही.

आता ज्यासाठी पत्र लिहिलं ते. त्या गाडीला गिअर नाही, क्लच नाही. सूनबाई हापिसातनं आली की दुपारनंतर ती नुसती उभी असते. माझं वय चोपन्न. डोळे चांगले आहेत, आणि माहेरी मी बैलगाडी हाकलेली आहे. मला ती चालवायला येईल का? सूनबाईंना विचारलं तर ती माझं मन राखायला हो म्हणेल, म्हणून तुम्हाला विचारते. खरं काय ते लिहा. वायरी-बटणांची आकृती काढलीत तर बरं, मला तशी समजते. विहीणबाईंच्या गुडघ्याला जपा आणि आपला लोभ आहे तसाच राहू द्या.

उत्तर ह्यांच्या नावानं टाकू नका. माझ्या नावानं टाका. ह्या पत्त्यावर माझ्या नावाचं अजून एकही पत्र आलेलं नाही.

आपली,
शकुंतला