तलावाकाठची रिंक

आई, परवा रक्त तपासायला जायचं होतं आणि नवी लॅब नेमकी तलावाच्या त्या बाजूला निघाली. डोंबिवलीहून परत ठाण्यात राहायला आले तरी एरवी मी तो रस्ता टाळते. मागच्या गल्लीतून जाते, वळसा पडतो, पडू दे. पण परवा उपाशीपोटी वळसा घालायचा कंटाळा आला आणि मी सरळ काठाकाठाने चालत गेले. रिंकच्या जागी आता गाड्या उभ्या करतात. पत्र्याचं कुंपण, एक प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीत पावत्या फाडणारा माणूस. मी थांबलेली पाहून तो म्हणाला, "गाडी कुठाय मॅडम?" गाडी नाही म्हटल्यावर तो माझ्याकडे बघत राहिला. मग कशाला थांबलात, असं त्याला विचारायचं असावं, आणि मला त्याला काय सांगावं ते सुचेना. तुला मात्र बरंच सांगायचं राहिलंय, असं लॅबच्या बाकड्यावर बसल्या बसल्या वाटत राहिलं.

तू रिंकबद्दल पहिल्यांदा बोललीस ती संध्याकाळ मला स्वच्छ आठवते. घरात नुकताच रंगीत टीव्ही आला होता आणि बाबा त्याच्यासमोरून हलत नव्हते. तू टेलिफोन एक्स्चेंजमधून येऊन तशीच पोळ्यांना लागली होतीस. दिवसभर हेडफोन लावून तुझे केस एका बाजूला चप्प बसलेले असायचे, तसेच होते. मी ओट्याला टेकून उभी. तू लाटता लाटता म्हणालीस, "आज तलावाकडून आले. रिंकमध्ये म्हशी बांधल्यात." बाबांनी बाहेरूनच विचारलं, "कसली रिंक?" तू म्हणालीस, "स्केटिंगची. मी रोज जायचे तिथे." टीव्हीचा आवाज कमी झाला. बाबा दारात येऊन उभे राहिले. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना हे ठाऊक नव्हतं. "तू? स्केटिंगला?" तू तव्यावरची पोळी उलटलीस. "फ्रॉक होता तोवर. साडी नेसायला लागले तेव्हा आईने बंद केलं." बाबा परत जाऊन बसले, पण टीव्हीचा आवाज त्यांनी वाढवला नाही.

पुढच्या रविवारी तू घमेलं आणि खराटा घेऊन निघालीस तेव्हा मी लाजेने तुझ्या मागून अंतर ठेवून चालले होते. मी कॉलेजात होते, आणि आपली आई भर रस्त्यातून घमेलं घेऊन चालली आहे हे ओळखीच्या कुणी पाहू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. रिंक तेव्हा ओळखूही येत नव्हती. भोवतीचे लोखंडी पाइप गंजून वाकलेले, कपडे बदलायच्या खोलीची कौलं कुणीतरी नेलेली, आणि मधल्या कोब्यात भेगाभेगांतून पिंपळाची रोपं. एका कोपऱ्यात विसर्जनानंतर तलावातून काढलेले लाकडी पाट रचून ठेवलेले. म्हशीवाला आधी हसला, मग चिडला, मग तुझ्या हातातला खराटा पाहून म्हशी सोडून घेऊन गेला. बाकीच्यांना म्हैस हलवता आली असती की नाही कोण जाणे. तुझा आवाज दिवसभर "नंबर प्लीज" म्हणणाऱ्या बाईचा होता, चढलेला कधीच नाही, आणि त्या आवाजाला नाही म्हणायला माणूस गडबडून जायचा.

महिन्याभरात माणसं जमली. समोरच्या इमारतीतले काका आले. रेल्वेत पूल बांधण्यात जन्म गेलेला, निवृत्त, विधुर. तेही तरुणपणी तिथे स्केटिंग करायचे, आणि तुम्ही दोघं एकाच सुमाराला तिथे गोल गोल फिरला असाल हे हिशेब जुळवताना तुमच्या लक्षात आलं, तेव्हा काका एखाद्या शाळकरी मुलासारखे हसले होते. मग माझ्या कॉलेजची मुलं आली, एक्स्चेंजमधल्या तुझ्या दोघी मैत्रिणी आल्या. तो सगळा हिवाळा आमचे रविवार तिथे गेले. तू तारेच्या ब्रशने पाइप घासायचीस. काकांनी फुटलेला कोबा चौकोनी कापून काढायला लावला, नवा घातला, त्याच्यावर गोणपाटं पसरली. ती ओली ठेवायला तू ड्युटीवर जाताना आणि येताना तिथे थांबायचीस. तलावातूनच बादल्या भरायच्या. पदर खोचून, एका हातात पर्स, एका हातात बादली. शेवटी दगड लावून तो सगळा कोबा घासला. काका त्याच्यावर पाणी ओतून ते कुठे वाहतं ते बघायचे, मग मान हलवायचे, आणि मुलं कुरकुरत पुन्हा घासायला बसायची. मला त्या वेळी कंटाळा यायचा. आता वाटतं, आपल्या घराला तेवढा एकच हिवाळा मिळाला.

रिंक उघडली त्या दिवशी तू माझा पंजाबी ड्रेस घातला होतास. तुला साडीशिवाय कशात मी पाहिलेलं नव्हतं. काकांच्या माळ्यावर जुने स्केट्स निघाले होते, लोखंडी चाकांचे, चामडी पट्ट्यांचे. तू पट्टे आवळतेस, पाइप धरून उभी राहतेस, पाय थरथरतात. बाबा म्हणतात, "अगं, पडशील." तू पाइप सोडतेस. आधी हळूहळू कडेकडेने, मग कोपऱ्यावर एका पायावर भार टाकून वळतेस, आणि मग काय होतं कळत नाही, तुला आठवतं सगळं. ओढणी मागे उडते. चाकांचा घर्रघर्र आवाज तलावाच्या पाण्यावरून परत येतो. तू आमच्यासमोरून जातेस तेव्हा आमच्याकडे बघतही नाहीस. त्या वेळी तू माझी आई वाटत नव्हतीस, कुणाची तरी मुलगी वाटत होतीस. बाबा तुझ्या चपला हातात धरून उभे होते. खाली ठेवायचं त्यांना सुचलंच नाही.

उन्हाळाभर मुलांचे वर्ग चालले. काका शिकवायचे, तू शिकवायचीस, फाटकाची किल्ली तुझ्या पर्समध्ये असायची. आणि ऐन पावसाळ्यात मंडईमागची ती जुनी चाळ खचली. मेलं कुणी नाही, पण उभी राहिलेली बाजूही रिकामी केली. अर्धी बिऱ्हाडं शाळेच्या वर्गांत घातली, उरलेल्यांना जागा नव्हती. दुपारची वेळ, तू ड्युटी संपवून आली होतीस, आणि वॉर्ड ऑफिसमधले एक साहेब छत्री घेऊन दारात उभे. "आठ दिवसांचा प्रश्न आहे, मॅडम. रिंकवर ताडपत्री टाकू. जागा सपाट आहे, स्वच्छ आहे." ती जागा सपाट आणि स्वच्छ का होती हे त्यांना ठाऊक नसावं. आम्ही तुझ्याबरोबर गेलो. फाटकाबाहेर माणसं बोचकी घेऊन भिजत उभी होती. पुढे एक कोळीण मावशी, मंडईत मासळी घेऊन बसणारी. आपण तिच्याकडून बोंबील घ्यायचो. कडेवर नातू, पायाशी घासलेटचा स्टोव्ह. ती एवढंच म्हणाली, "बाय, पोरं भिजतान. आत येव दे."

काकाही आले होते. ते तुला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, आठ दिवस म्हणजे काय असतं, हे तुम्हाला ठाऊक नाही असं नाही."

"ठाऊक आहे," तू म्हणालीस.

"मग वॉर्डवाल्यांना दुसरीकडे जागा शोधू द्या. आपण नाही म्हटलं तर त्यांना शोधावीच लागेल. हो म्हटलं तर कुणीही शोधणार नाही."

"आणि शोधेपर्यंत यांनी काय करायचं?"

तू किल्ली काढलीस. काका छत्री न उघडताच निघून गेले, आणि त्यानंतर त्यांनी रिंकमध्ये कधी पाय ठेवला नाही. समोर राहायचे, पण आपण जिना उतरतोय असं दिसलं की दार लावून घ्यायचे. तू दिवाळीला फराळाचं ताट पाठवायचीस, ते रिकामं, धुऊन परत यायचं. निरोप काही नाही.

ताडपत्री वाऱ्याने उडायला लागली तेव्हा बांबू रोवणं आलं. माणसं पहार घेऊन आली आणि तुलाच विचारायला लागली, "इथे मारू का, बाई?" तू म्हणालीस, "मारा." मी तुझ्या शेजारी होते. कोब्यात पहार बसली, पांढरा चुरा उडाला. तू तोंड फिरवलं नाहीस. पुढचं भोक कुठे मारलं तर बांबू नीट उभा राहील, तेही तूच दाखवलंस.

आठ दिवसांचे महिने झाले. ताडपत्रीच्या जागी पत्रे आले, पत्र्यांमागे विटा, चुली, मोऱ्या. रविवारी तू आता त्यांच्या नळासाठी अर्ज घेऊन जायचीस. एकदा मी जेवताना म्हटलं, "ते लोक जाणार कधी?" तू घास खाली ठेवलास. "ते लोक म्हणू नकोस. तुला ठाण्यात राहायचंय तसंच त्यांनाही राहायचंय." मला पटलं नव्हतं. बाबा मान खाली घालून जेवत राहिले.

शाळेतल्या बिऱ्हाडांना पुढच्याच वर्षी खोल्या मिळाल्या, ठाण्यातच, मंडईपासून चालत जाण्याच्या अंतरावर. तू तावातावाने वॉर्ड ऑफिसात गेलीस, मी बरोबर होते. साहेब बदलले होते. नवे साहेब शांतपणे म्हणाले, "शाळा चालू करायची होती, बाई. पालक मागे लागले होते. तुमच्या रिंकचं तसं काही नाही ना. तिथे कुणाचं काही अडत नाही." येताना तू वाटेत तलावाच्या पायरीवर टेकलीस. मला वाटलं, तू दमलीस. आता वाटतं, काकांचं म्हणणं तुला तेव्हा ऐकू आलं असावं. पण तू त्यानंतरही जात राहिलीस. मी लग्न होऊन डोंबिवलीला गेले, एक्स्चेंजमध्ये नवी यंत्रं आली, तुम्हा बायकांना टेबलाशी नुसतं बसवून ठेवायला लागले, तुझे गुडघे गेले, बाबा गेले, आणि तू काठी टेकत वॉर्ड ऑफिसची पायरी चढत राहिलीस.

मग एका सकाळी ट्रक आले. रिंकवरच्या सगळ्यांना ठाण्यापासून लांब, दिवा गावात नेलं. खोल्या मिळाल्या, पण पाणी नव्हतं, वर चढायच्या जिन्याला कठडा नव्हता. जन्मभर दुसऱ्यांचे फोन जोडून दिलेली तू, मला एसटीडी बूथवरून फोन करून म्हणालीस, "गेले सगळे. मी पोचायच्या आतच गेले." मी विचारलं, "रिंकचं काय?" तू म्हणालीस, "बघून ये तू. मला नको." मी गेले. मशीनने विटांसकट कोबा उखडत होते. पोपडे तलावाच्या काठाला ढकललेले. मी घरी येऊन तुला सांगितलं, "आहे तसंच आहे अजून." तू मान हलवलीस. तुला ते खरं वाटलं नव्हतं. पुढच्या वर्षी तू गेलीस. काका तुझ्या अंत्ययात्रेला आले, मागे मागे चालले, माझ्याशी बोलले नाहीत.

तुला जे सांगायचं आहे ते यानंतरचं. तुझ्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्या कोळीण मावशी दिव्याहून आल्या. फार वाळल्या होत्या. मंडईतली त्यांची बसायची जागा केव्हाच दुसऱ्या कुणी घेतली होती. टोपली घेऊन पहाटे तिथून येणं जमेना. कडेवरचा तो नातू आता मोठा झाला होता आणि दिवसभर पाण्याच्या रांगेत उभा असायचा, शाळा सुटली होती. मी चहा दिला. त्या कप हातात धरून बसल्या, तुझ्या फोटोकडे बघत. मला वाटलं, आता म्हणतील, तुझ्या आईने आम्हाला आसरा दिला. त्या म्हणाल्या, "बाय भली होती. पन तवा तिनं फाटक उघडला नसता तर बरा झाला असता. आमी पन शाळेतच घुसलो असतो. आमाला पन हितंच घर भेटला असता." रागाने नाही म्हणाल्या. बाजारात आज मासळी कमी आली असं सांगावं, तसं म्हणाल्या. मग चहा संपवून कप स्वतः मोरीत नेऊन ठेवला आणि गाडीची वेळ झाली म्हणून गेल्या. पुन्हा आल्या नाहीत.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलांना नाही. मुलांना मी सांगते की त्यांच्या आजीने स्वतःच्या हाताने बांधलेली रिंक बेघरांना दिली, आणि मुलं ते शाळेत निबंधात लिहितात. आज तुला लिहिलं, पण हा कागद मी ठेवणार नाही. रात्रीच्या आत फाडून ओल्या कचऱ्यात टाकीन. त्याआधी एवढंच लिहिते, की मावशी तसं म्हणाल्या तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं, आणि नंतर वाटलंही. पण आधी, अगदी आधी, त्या कप घेऊन मोरीकडे वळल्या तेव्हा, मला बरं वाटलं होतं. कुणीतरी तुला चूक म्हटलं, आणि ते मला म्हणावं लागलं नाही.