हौश्याची शीळ

चारठाणा,
श्रावण वद्य तृतीया, सन १९४६

प्रिय व्यंकट,

तुझं पाकीट मिळालं. दोन पदकं छातीवर लावून तू पोळ्याला गावात येतोस, हे कळल्यापासून चावडीवर दुसरा विषय नाही. यंदा वेशीतलं तोरण कॅप्टन व्यंकटरावांच्या हातून तोडायचं, असं पाटलांनी ठरवलंय. हार मी घालायचा. बालमित्र ना मी तुझा!

त्यातलं एक पदक कशाबद्दल मिळालं, त्याचा इंग्रजी कागदही तू सोबत धाडलास. मला कुठलं इंग्रजी? मदरशात उर्दूच्या छड्या खाल्ल्या, तेवढीच आपली विद्या. म्हणून जिंतूरला किशनराव वकिलांकडे गेलो. वाचता वाचता ते थांबले, राहू द्या म्हणाले. मी म्हणालो, वाचा.

तीन वर्षांमागं तू रजेवर आलास. रसदीच्या गाड्यांना बैल हवेत म्हणालास. लोक कां कूं करत होते. मीच दारोदार हिंडलो. आधी माझी जोडी सोडली, मग अकरा घरांनी सोडली. तुझ्या वहिनीनं, बायनानं, हौश्या-नंद्याला ओवाळलं, तुला पुरणपोळी वाढली. शीळ घातल्याशिवाय हौश्या पाण्याला तोंड लावत नाही, म्हणून ओढ्यावर तुला ती शीळ शिकवायला गेलो. तुला काही केल्या जमेना. पोट धरून हसलो होतो आपण. पुढं ब्रह्मदेशातून तू लिहिलंस, मी रोज स्वतः शीळ घालतो, हौश्या पोटभर पाणी पितो. ते पत्र बायनानं देव्हाऱ्यात ठेवलंय.

कागदात गाड्यांचा शब्द नाही. निजाम इलाख्यातून मांसासाठी बैल खरेदी करून पलटणीला एक दिवसही ताजं मांस कमी पडू दिलं नाही, म्हणून पदक. तिकडं उपाशी माणसांसाठी बैल कापावे लागले असते, तर मी रडलो असतो, पण समजून घेतलं असतं. तू तर माझ्या ओसरीवर जेवतानाच जाणत होतास. केसानं गळा कापलास, व्यंकट. आणि याला इंग्रजी येत नाही, हे धरूनच कागद पाठवलास ना?

अजून कुणाला बोललो नाही. काल बायना म्हणाली, “भावजी यायलेत व्हय? मग हौश्याचं बी कळंल की.” माझ्या शब्दावर गावातल्या दावणी रिकाम्या झाल्या, पण खोटं तू बोललास, तेव्हा सांगायचं तूच. एवढ्यासाठी हे पत्र. पोळ्याला ये, पदकं लावूनच ये, आणि तोरणाखाली उभा राहून सगळं सांग. नाही सांगितलंस, तर हार हातात धरून गावादेखत मी एवढंच म्हणेन, व्यंकट, हौश्याची शीळ घालून दाखव.

कालपर्यंत तुझाच,
भुजंग