बैल हरायला हवे होते

सोमवार, ९ जून २०२५

संस्थेचा निरोप मिळाला. यंदा मुलं आली नाहीत तर नेरच्या आमच्या महाविद्यालयातून भौतिकशास्त्र हद्दपार! आणि मी ग्रंथालयात — धूळ झटकायला.

मंगळवार, १० जून

प्राचार्य रामरावांना स्फुरण चढलंय. पालकांना बोलावून "काहीतरी दणकेबाज" दाखवायचं. मी निर्वात पंपांचा इतिहास सुचवला.

"त्यात बैल घालता येतील का मॅडम?"

चेष्टा नव्हती. आणि दैव पाहा, येतात! पावणेचारशे वर्षांपूर्वी जर्मनीत एका नगराध्यक्षानं स्वतः बनवलेल्या पंपानं दोन अर्धगोलांतली हवा काढली. बाहेरच्या हवेनं ते असे दाबून धरले की घोड्यांच्या रांगा ओढून थकल्या. नगराध्यक्ष आणि विज्ञान! गावची टेंडरं कोण बघत होतं देव जाणे.

गुरुवार, १२ जून

भाषण लिहिलं. "निसर्गाला पोकळी खपत नाही" असं पंडित हजारो वर्षं सांगत आले — आमची कार्यकारिणी बघितली नव्हती त्यांनी. मग पाऱ्याचा पंप : पाऱ्याचे थेंब पडता पडता हवा सोबत घेऊन जात, त्यांच्या जिवावर विजेचा दिवा टिकला. मग तेलात फिरणारा. आमचा खोकणारा पंप त्याच जातीचा. मग वाफेच्या झोतानं हवा हाकलणारा — हलणारा भाग एकही नाही. आमच्या मोठ्या बाबूंसारखाच, फक्त तो काम करतो.

रामराव म्हणाले, "चारशे वर्षं नको. दोन मिनिटं."

शनिवार, १४ जून

तांड्यावरून खेमसिंग आला. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, पळणारी जोडी त्याची. प्रयोगशाळेतले दोन लोखंडी अर्धगोल जुळवून आतली हवा काढायची, एक मैदानातल्या कडुनिंबाला बांधायचा, दुसरा बैलांनी ओढायचा, हे समजावलं. "फक्त बैलांनी हरायचंय."

"काहून? पटात कोनापुढं हारली नाही माही जोडी, अन् तुमच्या दोन कढयायपुढं हारनार?"

"त्यातच विज्ञान आहे, खेमसिंगभाऊ."

"मंग तुमचं इज्ञान तुमीच वढा!"

जाता जाता म्हणाला, "आनतो. पन हारनार नाही."

सोमवार, १६ जून

तालीम. एकीकडे दोन शिपाई, दुसरीकडे मोठे बाबू आणि क्रीडाशिक्षक लोंबकळले. गोळा तसूभर उघडला नाही! मी पोरीसारखी उडी मारली. हे कुणाला कळता कामा नये.

बुधवार, १८ जून

मैदान भरलं. पालक, पोरं, भजीवाला. गोळे उघडून दाखवले, आत काही नाही म्हणून. तेवढ्यात प्राचार्यांच्या सौ. इंदूबाई ताट घेऊन पुढे. "यंत्राची पूजा नाही केली वाटते?" मी "अहो, कडेला नको!" म्हणेपर्यंत हळद, कुंकू, अक्षता — नेमक्या कडेवर. वर नारळाचं पाणी. जिथं केस अडकला तरी हवा शिरते, तिथं मूठभर तांदूळ! मी पुसायला गेले तर रामराव दातओठ खात, "प्रसाद पुसता? लोकांसमोर?"

गोळे जुळवले. पंप सुरू. दाबमापकाचा काटा जागचा हलेना.

"सर, हवा आत शिरतेय. थांबा."

"आमदारांचा माणूस खोळंबलाय. सोडा बैल!"

बैलांनी एक पाऊल टाकलं. फट्! गोळा उघडला. आणि मैदानानं जी आरोळी ठोकली! शिट्ट्या, गुलाल. खेमसिंगला खांद्यावर घेतलं. रामराव माईकवर : "गोऱ्यायचे घोडे हारले, आपले बैल जिंकले!"

माझी दोन मिनिटं बैलांच्या सत्काराला गेली.

शुक्रवार, २० जून

कार्यालयासमोर प्रवेशासाठी रांग! भौतिकशास्त्रासाठी! खेमसिंगनं पुतणीलाच आणलं, सुरभीला. "मॅडम, असं इज्ञान असन तं शिकवा पोरीले." मी त्याला खरं सांगायला लागले — तांदूळ, फट, हवा. तो हसला. "हारलं की सारेच असं म्हनतात, मॅडम!"

सुरभी मात्र हसली नाही. कडुनिंबाशी पडलेल्या गोळ्याकडे बघत राहिली.

शनिवार, २८ जून

संस्थेचं पत्र. भौतिकशास्त्र चालू राहणार. प्रयोग दरवर्षी करायचा. अट एकच — बैल जिंकले पाहिजेत.

सही करून आले.