निळा पटका

आबा,

तुम्ही गेलात त्याला चाळीसहून अधिक वर्षे झाली. माझे वय आता तुमच्या वयाच्या पुढे गेले आहे. तेव्हा आज तरी मधे न थांबवता ऐकून घ्या. माधवनगरच्या कापडगिरणीतली रंगखात्याची नोकरी सोडून मी उत्तर नायजेरियातल्या एका गिरणीच्या करारावर निघालो, तेव्हा कोरेगावच्या एस.टी. स्थानकावर लोक वळून पाहतील अशा फौजी आवाजात तुम्ही बजावलेत, "त्यांच्या हातचं काय बी खायाचं न्हाई. हात हायत तुला, रांधून खा." मी होकार दिला नव्हता. माझे गप्प राहणे हाच होकार, असे तुम्ही धरून चाललात.

त्या गावाविषयी तुम्ही कधी विचारले नाहीत, म्हणून सांगायचे राहिले. गाव तांबड्या मातीचे, घरे धाब्याची, थेट कवठे महांकाळच्या बाजूला असतात तशी. थंडीत वाळवंटाकडून धूळ येते आणि भरदुपारी सूर्याकडे चंद्रासारखे पाहता येते. शुक्रवारी गावाची दुपारची नमाज झाली की मी बाजारात भटकत असे. भुईमुगाच्या पोत्यांच्या थप्प्या, वाळवलेल्या भेंड्या, मिरच्यांचे ढीग. गुरे राखणाऱ्यांच्या बायका डोक्यावर भोपळ्याच्या तुंब्यांतून ताक आणतात. गावाच्या कडेला जमिनीत निळीचे खड्डे आहेत. त्यांत कापड बुडवणाऱ्यांचे हात कोपरापर्यंत निळे असतात. तिथे घाई कोणालाच नाही. मीठ घ्यायला गेलो तरी रात्र कशी गेली, घरचे कसे आहेत, काम कसे चालले आहे, हे विचारून झाल्याखेरीज मिठाचे नाव काढायचे नसते. मला हे ठाऊक नव्हते, तेव्हा मी सरळ भाव विचारला. मीठवाली म्हातारी शेजारणीला काही म्हणाली आणि दोघी खदखदून हसल्या. माझ्या घरमालकाने अर्थ सांगितला: या बिचाऱ्याला आई नसावी, असे ती म्हणाली होती.

हा घरमालक तुमच्याच वयाचा आणि तुमच्यासारखाच महायुद्धात ब्रह्मदेशात लढून आलेला. आपल्या फौजेच्या शेजारी राहून त्याने जी हिंदी उचलली होती, ती बहुतेक हुकमांची. पहिल्याच संध्याकाळी अंगणात ज्वारीच्या घट्ट उकडीची परात आली, सोबत भेंडीचे सार, भोवती त्याचे मुलगे आणि शेजारी. मी खोलीच्या दारात स्टोव्हला पिन मारत बसलो होतो.

"जवान, इधर आओ! खाना ठंडा!"

मी गेलो. सर्वांनी सरकून जागा केली. ज्वारी आपलीच होती, आबा. चवीत तिळमात्र फरक नव्हता. पुढे माझा स्टोव्ह केवळ चहापुरता पेटला. करार संपवून मी निघालो, तेव्हा त्याने निळीत रंगवून, लाकडाने ठोकून ठोकून चकचकीत केलेला एक पटका माझ्या हाती दिला. "तुम्हारे बाप को. बोलो, बर्मा से सलाम."

मी परतल्यावर तुम्ही भावकीला जेवायला बोलावलेत आणि पंगतीत मला आपल्या शेजारी बसवलेत. धाकटे चुलते म्हणाले, "काय खाल्लंस रं तिकडं, येवढा तुकतुकीत झालास ते?" पंगत हसली. मी तोंड उघडण्याआधी तुम्हीच बोललात, "हातानं रांधून खाल्लं त्यानं. मी बजावलंच व्हतं."

"नाही, आबा. त्यांच्याच परातीत जेवलो. रोज."

वाढणाऱ्याचा हात थबकला. तुम्ही पानातून नजर न उचलता म्हणालात, "गप बस."

"ब्रह्मदेशात भुकेच्या वेळी परक्या पलटणीच्या डब्यातले खाल्ल्याचे तुम्हीच आम्हांला रंगवून सांगत होतात ना?"

"तितं लढाई व्हती. हितं भावकी हाय."

"मग लढाईच बरी म्हणायची."

तुम्ही भरल्या पानावरून उठलात. रात्री आईने पटका पुढे केला, त्याला तुम्ही बोटही लावले नाहीत. त्यानंतर तुम्ही जाईपर्यंत आपल्या दोघांची पाने शेजारी मांडली गेली नाहीत.

क्षमा मागण्यासाठी मी लिहीत नाही. आज पुन्हा ती पंगत बसली, तर हेच उत्तर, याच शब्दांत देईन. ज्याने न पाहिलेल्या शिपायाला सलाम पाठवला, त्याची परात मी नाकारावी, अशी तुमची इच्छा होती. ती मी पुरी केली नाही, आणि त्याची किंमत म्हणून तुमच्या शेजारची जागा गेली. ती फार मोठी किंमत होती. तरीही व्यवहार योग्यच होता.

पटका मीच वापरतो. त्याच्या घड्या विरल्या आहेत, निळा रंग मात्र विटलेला नाही. आज सकाळी थंडी होती, म्हणून बांधला आणि आरशासमोर गेलो. हे पत्र कोठे पाठवायचे नाही, म्हणून एवढे लिहितो: त्याचा पीळ तुमच्या पटक्यासारखाच पडतो, डावीकडे झुकणारा. सरळ बांधता येईल, हे मला ठाऊक आहे. मी तसा बांधत नाही.