चौथ्या तिकिटाचे तेवीस किलो

३ मार्च
ही वही जिच्यासाठी आहे, त्या बाईला सकाळची बीपीची गोळी घेतली की नाही हेही आठवत नाही. ती बाई मीच. लिहिता-वाचता येत नाही, म्हणून मी बोलते आणि नात नेहा लिहिते. तर विसरू नकोस म्हातारे: वीस तारखेला चौघं जर्मनीला. मुलगा अजय, सून माधवी, नेहा, मी. माझा व्हिसा तेवढा यायचाय. येईल. कागदच तो.
संकल्प: जादा वजनाचा एक पैसा भरायचा नाही.

५ मार्च
तिकिटामागे सामान तेवीस किलो. चौघांचे ब्याण्णव. अफझलगंजच्या आमच्या धान्याच्या दुकानात तीस वर्षं हाताने माल तोलला मी. तरी अजय हुकाचा काटा घेऊन आला. एक बॅग उचलली: माझा हात म्हणाला बावीस, काटा म्हणाला पंचवीस. काटा खराब निघाला.

९ मार्च, दुपार
युक्ती: जड ते अंगावर. दोन लुगडी एकावर एक, वरून स्वेटर. पंख्याखाली चालून पाहिलं. नेहा म्हणाली, आजी, लड्डू दिसतेस. हसू दे. माझ्या बॅगेत आता माधवीचा कुकर आणि नेहाची पुस्तकं.

१२ मार्च
अजय फोनवर बोलून आला आणि जेवलाच नाही. ऑफिसचं टेन्शन. माधवी पुन्हा बेरीज करत बसली, एकोणसत्तरच धरते. म्हटलं, चार तेवीसं ब्याण्णव गं! हौ आई, म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. एम.कॉम. झाली, पाढे पाठ नाहीत.

१४ मार्च
माझ्या बॅगेतून कुकर काढला. बॅग पलंगाखाली. सगळ्यात शेवटी भरणार असतील.
काल मी दोन वाक्यं सांगितली, नेहाने अर्धं पान भरलं. मराठीची सवय नाही, अक्षर मोठं येतं पोरीचं.

१९ मार्च
अजय म्हणाला, आई, तुझं तिकीट पुढच्या महिन्यात करू, तेव्हा गर्दी नसते. शहाणा आहे. त्यांचं राहिलेलं सामान मी मागून नेईन. फायदाच.

२१ मार्च
नेहा गेली. आता शेजारच्या कुसुमताई लिहितात.
काल अजयने विमानतळावरून फोन केला. तीन बॅगा, अडुसष्ट किलो. एक पैसा भरावा लागला नाही. संकल्प पुरा.
मग कुसुमताईंना म्हटलं, मागचं वाचून दाखवा. तेरा तारखेला माझी दोन वाक्यं. खाली नेहाचं: आजी, तुझा व्हिसा नाकारला. दुसऱ्यांदा. पप्पा सांगू देत नाहीत, म्हणून इथे लिहिते. सॉरी.
म्हटलं, पुन्हा वाचा. तेच निघालं.
म्हटलं, लिहा, मला आधीपासून ठाऊक होतं. त्यांनी पेन खाली ठेवलं.
बरं, नका लिहू ते. हे लिहा: तुमचा रितेश एक तारखेला तिकडे जातोय. त्याच्याजवळ आमटीसाठी येसर आणि शेंगदाण्याची चटणी द्यायची. सकिनालूच्या चकल्या नकोत, मोडतात. धपाटे तो निघायच्या सकाळीच करायचे, तिघांना पुरतील एवढे.